मागून हाक

“तू चालव. मी मागं ट्रॉलीत हुभा ऱ्हातो,” असं म्हणून सहादेव तात्यांनी पायजमा वर खोचला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस सरळ ट्रॉलीत चढला.

नगर-मनमाड रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. या धंद्यात मी गिऱ्हाइकांचे सगळे नमुने पाहिलेत. कुणी आधी टेप वाजवून बघतो, कुणी दार आपटून आवाज ऐकतो. एकानं तर नंबरच्या आकड्यांची बेरीज लाभत नाही म्हणून सोन्यासारखी गाडी सोडली. पण गाडी कशी आहे हे बघायला तिच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत उभा राहणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

“तात्या, माणसं पुढं बसतात हो. सीट बघा, चामड्याची आहे. वरून काच उघडते, आभाळ दिसतं.”

“आभाळ माझ्या वस्तीवर फुकट दिसतंय, गोरक्षा. ज्याला हुभं ऱ्हायाचंय त्याला कसं लागतंय ते बगायचं हाय मला.”

ज्याला उभं राहायचं होतं तो तात्यांचा रेडा. मुऱ्हा जातीचा, टनाच्या पुढचा, तेल लावलं की आरशासारखा चमकणारा. कृषी प्रदर्शनांच्या फलकांवर त्याचं नाव ‘नवाब’ असं छापून येई. घरी मात्र तो बाळ्या. तात्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, पारडू असताना ठेवलेलं नाव. तो हत्तीएवढा झाला तरी त्यांनी बदललं नाही आणि त्या गेल्यावर तात्यांनी तरी कशाला बदलावं?

गोष्ट साधी होती. गेल्या पावसाळ्यात घोडेगावजवळच्या तात्यांच्या वस्तीवर रेड्याला नेणारा टेम्पो काळ्या मातीच्या चिखलात घसरला. बाळ्या आतल्या आत दोन्ही गुडघ्यांवर आपटला. पाय बरे झाले, पण टेम्पोचा आवाज आला की तो आता दावणीत मागे सरकायचा. म्हणून तात्यांनी बुटकी, चारी बाजूंनी गादी लावलेली, तळाला रबर टाकलेली ट्रॉली बनवून घेतली. चढायची फळी इतकी सपाट, की रांगतं मूलही चढून जाईल. ट्रॅक्टर हिसके देतो, म्हणून तो बाद. आता हवी होती ती ओढणारी गाडी. चिखलातून चारी चाकांवर निघणारी, डिझेलची, जड, आणि झोपलेल्या पोराला खांद्यावर घेतल्यासारखी चालणारी. अशी गाडी म्हणजे बड्या लोकांची. नवी परवडणार नव्हती. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे हातात होते, त्यात जुनी बसत होती. गावात सगळे हसत होते. रेड्याला एसी लागला म्हणे!

मी पण हसलो होतो, खोटं कशाला बोलू? पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मागे हूक असलेल्या तीन गाड्या माझ्या माहितीत होत्या, त्यातल्या दोन माझ्याच शेडमध्ये.

पहिली गाडी मी जमेल तितकी हळू उचलली. आरशात पाहिलं तर तात्या आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून उभे. दुसऱ्या गिअरला त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

“दनका बसतोय. माझं गुडघं वाकलं, त्याचं काय हुईल?”

पहिली गेली. दुसरी तिच्यापेक्षा मऊ होती. तिसरी पाहायला बेलापूरला जायचंच होतं, तेव्हा हिलाच ट्रॉली जोडून निघालो. तात्या पुन्हा मागेच. पोलिसानं पाहिलं असतं तर रेड्याच्या जागी माणूस का उभा केला याचं उत्तर मला देता आलं नसतं. राहुरीच्या अलीकडे थाप पडली.

“ब्रेक दाबला की मागनं ढुसनी बसती. ही बी न्हाई.”

मग मी त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. चहा घेतला. मी म्हणालो, “तात्या, राग मानू नका, पण एवढा खटाटोप कशासाठी? वय झालं त्याचंही, तुमचंही. पोरगा काय म्हणतो?”

“वाल्मिक? त्यो चाकनला हाय. आयतवारी फोन करतो. म्हनतो रेडा काढून टाका, इकडं या. तिकडं जाऊन काय करू? ती दोगं कामाला जात्यात, मी दार लावून टीव्ही बगायचा व्हय?” त्यांनी बशीतला चहा संपवला. “हितं बी कोन न्हाई म्हना. पन परदर्शनाला गेलो की मानसं येत्यात. पोरंसोरं, बाया, सायेब लोक. रेडा काय खातो, किती दूध पितो, मारतो का. त्येच त्येच इचारत्यात, मी त्येच त्येच सांगतो. च्यार दिस बोलून घेतो, मग म्हैनाभर पुरतं. बाळ्या हालला न्हाई तर मी बी वस्तीवरनं हालत न्हाई. ह्या वर्साला दोन परदर्शनं गेली. कंदी कंदी दोन-दोन दिस माझा मलाच आवाज ऐकू येत न्हाई.”

मी गाडी सुरू केली.

थोडं पुढे गेल्यावर ते आपणहून म्हणाले, “मनकर्णेला एक लई वाईट खोड हुती. मी भायेर निघालो की मागनं हाक मारायची. अवो, पिशवी ऱ्हायली. अवो, येताना मीठ आना. बाजाराच्या दिशी तर हमखास. जनावराच्या सौद्याला निघालेल्या मानसाला मागनं हाक! मी लई चिडायचो. परत फिरायचो, वट्यावर बसायचो, घोटभर पानी प्यायचो, मगच निघायचो. पानी बी तीच आनून द्यायची, हसत.”

“आमच्याकडं बायको, दिपाली, मागून हाक मारल्याशिवाय मला बाहेरच पडू देत नाही,” मी म्हणालो.

“मारू दे,” तात्या म्हणाले आणि काचेतून उसाकडे बघत बसले.

बेलापूरची गाडी एका ठेकेदाराची. रस्त्याच्या कामावर जनरेटर ओढून न्यायला त्यानं मागे हूक बसवलेला. माणूस दीड वर्षापूर्वी गेला. बंगल्यात त्याची बायको झुंबरबाई एकट्याच. पोरं परदेशात. गाडीवरचं कापड त्यांनी स्वतः काढलं, तेव्हा आत काडीची धूळ नव्हती.

“रोज सुरू करते मी,” त्या म्हणाल्या. “चालवता येत नाही. नुसती आत बसते थोडा वेळ. ह्यांच्या शेजारच्या सीटवर.”

मी ट्रॉली सोडवून हिच्या हुकाला अडकवली. तात्यांनी सीट पाहिली नाही, चाकं पाहिली नाहीत. सरळ ट्रॉलीत जाऊन उभे राहिले. मी गाडी हलवली, आणि खरं सांगतो, गाडी हलली हे मलाही झाड मागे सरकलं तेव्हा कळलं. गिअर आपोआप पडत होते. गावाबाहेर एक ओढा होता, त्यात मुद्दाम घातली. चारी चाकांचं बटण दाबलं आणि ती चिखलातून निमूट वर आली. आरशात तात्या डोळे मिटून उभे होते, पण दांडा त्यांनी सोडला होता. दोन्ही हात मोकळे. थाप काही पडली नाही.

परत आल्यावर ते खाली उतरले आणि त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. “ही! हिच्यात बाळ्या रवंथ करीत येईल.”

सौदा लगेच झाला. माझी दुसरी गाडी मी तिथल्या ओळखीच्या गॅरेजात सोडली आणि तात्यांसोबत त्यांच्या नव्या गाडीत बसलो. गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच मागून आवाज आला.

“अहो! थांबा!”

मी करकचून ब्रेक दाबला. झुंबरबाई पायऱ्या उतरून धावत येत होत्या. “ह्यांची छत्री राहिली मागं डिकीत. तेवढी द्या.”

मी छत्री काढून दिली. निघायला वळलो तर तात्या खाली उतरलेले. ते फाटकातून आत गेले, टोपी सारखी केली आणि बंगल्याच्या पायरीवर बसले.

“ताई,” ते म्हणाले, “घोटभर पानी द्या. मागनं हाक मारलीत न्हवं.”

बाईंनी जीभ चावली. “अगंबाई, चुकलंच माझं. शुभ कामाला निघालात आणि मी...”

“चुकलं न्हाई,” तात्या म्हणाले.

त्यांनी पाणी इतकं सावकाश प्यायलं, की मी दोनदा घड्याळ पाहिलं. बाई छत्री छातीशी धरून शेजारी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच केला.

“चढत न्हाई,” ते म्हणाले.

बाळ्या ट्रॉलीत चढत नव्हता. गूळ ठेवला, हिरवा मका ठेवला, फळीवर त्याच्याच गोठ्यातली माती पसरली. तात्या स्वतः आत जाऊन उभे राहिले, हाका मारल्या. बाळ्या फळीपाशी यायचा, एक पाय टेकवायचा, फळीचा पोकळ आवाज आला की थरथरत मागे जायचा. आम्ही तीन गाड्या तपासल्या, हिसका तपासला, ब्रेक तपासला, ओढा तपासला. तात्यांनी आपल्या गुडघ्यांनी सगळं मोजलं. ज्याचे गुडघे फुटले होते त्याला एकदाही विचारलं नव्हतं. बाळ्या आणि आपण वेगळे आहोत हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि माझ्या डोक्यात आलं असतं तरी मी गाडी विकायला बसलो होतो.

“चार माणसं बोलवा,” मी म्हणालो. “मागून दोर लावून, दोन फटके देऊन...”

“मारून चढवायचा तर टेम्पो काय वाईट हुता?” तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर महिनाभरानं गाडी त्यांच्या नावावर झाल्याची कागदपत्रं घेऊन मी वस्तीवर गेलो. तोवर आणखी एका प्रदर्शनाची तारीख उलटून गेली होती. मला वाटलं होतं, गाडी परत विकून दे म्हणतील. मी तशी तयारी ठेवली होती, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. गाडी गोठ्यासमोर उभी होती, ट्रॉली जोडलेलीच. ट्रॉलीचं रबर धुतलेलं. बाळ्या लिंबाखाली बांधलेला, तेल लावलेला, कुणी बघायला येणार असल्यासारखा.

“बरं झालं आलास,” तात्या म्हणाले. “जरा गाडी फिरीव. फाट्यापत्तुर जाऊन येऊ.”

“तुम्ही चालवत नाही का?”

“चालीवतो की. ट्रॅक्टरपरीस सोपी हाय. पन आत बसलं की भायरचं काय सुदिक ऐकू येत न्हाई. काचा लई भारी हायेत तिच्या.”

आणि ते ट्रॉलीत चढले.

मला वाटलं, म्हातारा आता वेडा होतो की काय. पण किल्ली फिरवली. गाडी त्याच मऊपणानं निघाली. आरशात तात्या दांडा धरून उभे होते, अंगावर स्वच्छ सदरा, डोळे मिटलेले. त्यांच्यामागे लिंबाखाली बाळ्यानं मान वर केली. आम्ही बांधापलीकडच्या वळणावर पोचलो आणि पत्र्यावर थाप पडली.

मी काच खाली केली. “काय झालं? हिसका बसला?”

“न्हाई. इंजन बंद कर.”

मी बंद केलं. उसाच्या पात्यांची सळसळ ऐकू आली, लांब कुठेतरी मोटार चालू होती. मग वस्तीकडून बाळ्या रेकला. मोठ्यानं, लांबवर, ओढून. थांबला. पुन्हा रेकला. त्याला दिसेनासे झालेल्या माणसाला तो बोलवत होता, हे मलाही कळत होतं.

“रोज हाक मारतो,” तात्या म्हणाले. “वळनावर आलो की मारतो.”

मी म्हणालो, “मग परत फिरायचं? वट्यावर बसून पाणी प्यायला?”

“फिरू की,” ते म्हणाले. “जरा थांब. अजून येकदा मारू दे.”

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दांडा धरून, मान किंचित कलती करून ते तसेच उभे राहिले. मी किल्लीवरचा हात काढून घेतला.