कोरीचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेत राहते, आणि आजवर माझ्या पोटात एकदाही नदी आलेली नाही.

माझ्या बहिणी नद्यांचं, तळ्यांचं पाणी आणतात. पानं, मुळं कुजली की त्यांचा कार्बन पाण्यात विरघळतो. तो किती आहे आणि किती जुना आहे, हे आमच्या बाई मोजतात. कालपरवाच्या पानांचा कार्बन वेगळा ओळखू येतो आणि जमिनीखालच्या तेलाचा, लाखो वर्षांचा, वेगळा. मला मात्र भट्टीत तापवून घेतात, प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी भरतात आणि चिठ्ठी लावतात, 'कोरी'. बहिणींबरोबर हिंडायचं, त्यांच्यासारखंच झाकण उघडायचं, आणि गेले तशी परत यायचं. माझा आकडा शून्याजवळ आला की मला कुणी बघतसुद्धा नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं माझं आयुष्य. फार एकटं वाटतं.

एकदा आम्ही डोंगराखालच्या झऱ्यावर गेलो. शेजारी तेलाच्या टाक्या होत्या, आणि सगळी वस्ती त्या झऱ्याचंच पाणी पीत होती. बाई झऱ्याशी वाकल्या होत्या, तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी पेटीतल्या बाटल्यांची तोंडं फडक्याने पुसून घेतली. शेवटी मला उचललं.

"ही पण आलीय की बिचारी आपल्याबरोबर," ते म्हणाले.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! भट्टीशिवाय मला कुणी ऊब दिली नव्हती.

महिन्याने आकडे आले. झऱ्याच्या पाण्यात लाखो वर्षांचा कार्बन, म्हणजे तेल!

"झरा बंद करायला सांगा," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "पत्र आजच जाऊ द्या."

"कोरी मोजायची राहिलीय, साहेब," बाई म्हणाल्या.

"अहो, तिच्यात असून असून काय असणार?"

"काही नसणार. म्हणून तर मोजायची."

मोजली. माझ्यातही तेच तेल निघालं, आणि तितकंच. ओठात एक पोटात एक असं माझं कधीच नव्हतं, पण या वेळी ओठावरचंच पोटात गेलं होतं. काकांना बोलावलं. फडकं खिशातच होतं. डिझेलचा कॅनही ते त्यानेच पुसत.

"धूळ बसली होती, बाई," काका म्हणाले. मला त्यांची बाजू घ्यायची होती. पण मला बोलता येतं ते आकड्यात, आणि आकड्याने त्यांच्यावरच बोट ठेवलं होतं.

पुन्हा पाणी आणलं. झऱ्यात नुसता पानामातीचा कार्बन निघाला, वस्तीचं पाणी वाचलं आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. आता पेट्या त्या स्वतः भरतात. काका दारातच उभे राहतात, हात पाठीमागे बांधून.

मित्रांनो, आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी गप्प बसलेल्या कोरीलाही विचारत जा. आणि आमच्यावर माया करायचीच असेल, तर ती लांबूनच करा. मला त्याची सवय आहे.