शहागंजची घंटा कचऱ्याच्या गाडीवर

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. ताटाएवढी, काशाची, बोटभर जाड. सध्या मी सारजाबाईंच्या कचऱ्याच्या हातगाडीला टांगलेली असते आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी वैतागते. मोठी माणसं ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. शहागंजाच्या मागच्या गल्लीत एक मराठी शाळा निघाली आणि तिथल्याच एका कासारानं मला ओतलं. कडुलिंबाच्या फांदीला मला टांगलं. पुढे कमरोद्दीन नावाचे तरुण शिपाई आले आणि त्यांनी पद्धत घालून दिली. पहिल्या टोल्याला सगळ्यांनी गप्प व्हायचं, दुसऱ्याला उठून उभं राहायचं, तिसऱ्याला रांग. चौथा टोला त्यांनी कधी मारला नाही. म्हणायचे, "चौथा मारायची पाळी आली तर घंटेची नाय, शिपायाची इज्जत जाते."

तीन टोल्यांत चारशे मुलं रांगेत उभी राहत. पाहुणे माझं कौतुक करत. मग शाळेत विजेची घंटा आली आणि मी फाटक्या नकाशांखाली धूळ खात पडले. निवृत्त होताना कमरोद्दीनचाचांनी मला मागून घेतलं आणि हर्सूलच्या बाजूला नव्या वसाहतीतल्या आपल्या घरी आणलं. शहागंज सोडून आलेली बरीच कुटुंबं इथंच राहतात.

इथं सारजाबाई रोज गाडी घेऊन येत आणि शिटी फुंकून फुंकून दमत. ते बघून चाचांनी मला त्यांच्या गाडीला बांधून दिलं. मला केवढा आनंद झाला! या वसाहतीत माझ्या शाळेची पन्नास-साठ मुलं आता आजी-आजोबा होऊन राहत होती. मला वाटलं, तिसऱ्या टोल्याला सगळी दारात हजर होतील.

कसलं काय! सारजाबाई तीन टोले मारत. दारं बंद. सहा मारत. वरून कुणीतरी ओरडे, "आले, आले!" आणि येत कुणीच नसे. वीस टोले खाऊन मी पुढच्या गल्लीत गेले, की मागून चपला फटफटवत माणसं पिशव्या घेऊन धावत. पिशवीत भाजीची देठं, औषधाच्या बाटल्या, फुटलेली काच, सगळं एकत्र. ओला कचरा वेगळा द्या म्हटलं, तर एका घरानं केळीची सालं कुरडयांशेजारी गच्चीवर वाळवली आणि सुका कचरा म्हणून आणून दिली. सारजाबाई प्रत्येक पिशवी हातानं निवडत. काचेनं त्यांची बोटं दोनदा कापली. घरात कमावत्या त्या एकट्याच, म्हणून चिंधी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर.

आणि त्यातच एका रविवारी सकाळी वसाहतीच्या मंडळाची बैठक भरली. मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. सारजाबाईंना खुर्ची नव्हती. त्या गाडीला टेकून खाली बसल्या होत्या.

मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब उठले. "गाडीची घंटा ऐकूच येत नाय, अशी सगळ्यांची तक्रार आहे. त्यापेक्षा गाडी बंद करू. कोपऱ्यावर मोठी कुंडी बसवू. ज्यानं त्यानं सवडीनं टाकावं."

"ऐकू येत नाय, व्हय?" सारजाबाई म्हणाल्या. "मंग गाडी गेल्यावर मागून बनियनवर कोण पळतं, अध्यक्षसाहेब?"

खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. बालवाडी चालवणाऱ्या सगीराआपा मात्र हसल्या नाहीत. "कोपऱ्यावर म्हणजे माझ्या बालवाडीच्या दारात ना?"

"आपा, झाकण असंल की कुंडीला."

"मग तुमच्या दारात ठेवा. झाकणासकट."

झालं! कुंडी सगळ्यांना हवी होती, पण दुसऱ्याच्या दारात. एकच गलका उठला. शेवटी काकासाहेब ओरडले, "गाडी बंद करायची असंल त्यांनी हात वर करा!"

हात वर जाऊ लागले. सारजाबाईंनी चिंधी बांधलेली बोटं पदराखाली घेतली. गाडी बंद म्हणजे त्यांचं काम बंद, हे तिथं कुणी बोललंच नाही.

तेवढ्यात कमरोद्दीनचाचा उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण मला गाडीवरून सोडवून त्यांनी एका हातानं उचललं आणि एक टोला मारला.

बैठक गप्प झाली.

दुसरा टोला. खुर्च्या सरकल्या. माणसं उभी राहिली होती, आणि आपण का उभे राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

तिसरा टोला. काकासाहेब पाय जुळवून, हात पुढे करून समोरच्या माणसापासूनचं अंतर मोजत होते!

"ऐकू तर येतंय की," चाचा म्हणाले. "कान दुरुस्त हैत तुझे, काकासाहेब. चौथीत होतास तसेच. ही बाई वीस टोले मारते, तवा कुठं जातात?"

काकासाहेबांनी हात खाली घेतला. "चुकलं, चाचा," ते पुटपुटले. मग ठरलं. कुंडी नको, गाडीच राहील. पहिल्या टोल्याला बादल्या उचलायच्या, दुसऱ्याला दारात यायचं, तिसऱ्याला ओला आणि सुका वेगवेगळा सारजाबाईंच्या गाडीत. काच कागदात गुंडाळून.

मित्रांनो, बारा दिवस असं चाललं. बारा दिवस मी पुन्हा शाळेची घंटा होते. तेराव्या दिवशी वरून आवाज आला, "आले, आले!"

काल एका गल्लीत सारजाबाईंनी मला सव्वीस टोले मारले आणि माझ्या कडेला चीर गेली. आता माझा आवाज फाटका येतो. चाचांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सारजा, आता गल्लीला तीनच मार. जास्त झाले तर ही फुटंल."

"तिनावर लोक आले तर तीनच मारीन, चाचा. मला काय हौस हाय?"

मी फुटले तर लोक पुन्हा म्हणतील, घंटा ऐकू येत नाही. मग गाडी जाईल, सारजाबाई जातील आणि बालवाडीच्या दारात कुंडी येईल. मोठ्यांना हे सांगून मी थकले. तुमचे कान अजून ताजे आहेत. उद्या सकाळी पहिला टोला ऐकलात की घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात बादली द्या आणि त्याला दारापर्यंत घेऊन या. तीन टोले मी आनंदानं सोसेन. चौथा मात्र माझ्यावर पडू देऊ नका.