थांबलेल्या गाडीतली रेष

रुग्णवाहिकेच्या स्टिअरिंगवर बसलं की मामा कुणाच्या बापाचं ऐकत नसत. पेशंट घ्यायचा आणि थेट हॉस्पिटलच्या दारात उतरवायचा. मध्येच थांबणं म्हणजे नामुष्की. त्यात आज मागच्या स्ट्रेचरवर त्यांची सख्खी थोरली बहीण होती, अक्का. छातीत कळा येत होत्या, तरी बाईचं चालूच होतं, गॅस बंद केलाय का, दाराला कुलूप लावलंय का.

गाडी पुलावर चढली आणि अक्का बोलता बोलता गप्प झाली. मागे बसलेल्या नर्सनं तिला हलवलं, मानेला बोटं लावली. नाडी लागेना, श्वासही नव्हता. ही नर्स मामांच्या लेकीच्या वयाची.

"मामा, गाडी थांबवा."

"हॉस्पिटल समोर दिसतंय, पोरी."

"हादऱ्यांनी मॉनिटरच्या पडद्यावरची हृदयाची रेष नाचतेय. त्यातलं अक्कांचं किती आणि गाडीचं किती, मला कळत नाही. थांबवा."

हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, आणि ही बया थांब म्हणते! मनातल्या मनात मामांनी तिला लाखोली वाहिली, पण पाय ब्रेकवर गेलाच. इंजिन बंद करून ते मागे धावले. खोळंबलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून पूल डोक्यावर घेतला. नर्सनं दाखवलं तशी मामा अक्काची छाती दाबत राहिले, तोवर तिनं झटक्याच्या मशीनच्या पट्ट्या चिकटवल्या.

मग ती म्हणाली, हात काढा. काढवेनात, तरी काढले.

गाडी स्तब्ध. पडद्यावर बारीक थरथर तेवढी उरली, उकळी फुटण्याआधी पाणी हलतं तशी. मामांना वाटलं, संपला खेळ.

नर्स डोळ्यांत प्राण आणून बघत होती. "हृदय अजून थरथरतंय. झटका देता येईल. लांब व्हा."

अक्काचं अंग उडालं. मामा पुन्हा छाती दाबू लागले, तोच कुणीतरी त्यांचं मनगट ढकललं. अक्काचाच हात होता तो.

पडद्यावर आता एकामागून एक ठसठशीत टेकड्या उमटत होत्या. देवा रे, काय अजब चीज ही! एवढ्या वर्षांच्या नोकरीत मामांनी फक्त रस्ता बघितला होता, ही रेष कधी बघितलीच नव्हती. जिच्याशी जन्मभर भांडले, तिचं हृदय समोर चालत होतं, आणि त्यांची नजर हटेना.

अक्कानं डोळे किलकिले केले.

"गाडी का थांबवलीस रे?"

सांगायला मामांनी तोंड उघडलं, आणि त्यांना रडूच फुटलं.