खेचरावरची पंगत

तिसरी पंगत

पहिल्या दोन पंगती ओतिलिया पारादानं पाहिल्या नाहीत. ती कड्यावर पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. शेपटीखालचं आणि मांड्यांमधलं मऊ मांस आधी आलेल्यांनी उरकलं होतं. आता कोंडोर बसले होते, डोंगरातली सगळ्यांत मोठी गिधाडं.

मधे दरी. दरीच्या तळाशी नदी, तिचा आवाज एवढा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. पलीकडच्या उतारावर, दगडाच्या एका पायरीवर खेचर पडलेलं. ते तिच्या भावाचं, देल्मिरोचं खेचर होतं, मागच्या पायावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून तिनं लगेच ओळखलं. मान आणि मुंडकं बर्फात गाडलेलं. देल्मिरो काल सकाळी चुकलेल्या शेळ्यांच्या मागावर त्याच खेचरावरून गेला होता आणि परतला नव्हता.

तो खेचराखाली आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

सिक्स्तो फोर्केरा तिच्या शेजारी पालथा पडला. तो तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे. वीस वर्षं शेजारच्या कुरणात शेळ्या चारूनही दोघांनी एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. सिक्स्तोनं टोपी काढली. टोपी काढली म्हणजे देल्मिरो गेला, असं त्याचं ठरलं होतं.

तिचं ठरलं नव्हतं. ती पंगत बघत राहिली.

खेचराच्या पोटावर म्हातारा नर उभा होता. डोक्यावर मांसाचा तुरा, गळ्याभोवती पांढरी लोकर. डोकं भोकात घालायचा, खांद्यापर्यंत आत जायचा, लाल होऊन बाहेर यायचा. मादी बाजूनं आली. त्यानं पंख उघडले, एका माणसाला झाकतील एवढे, आणि तिच्या मानेवर चोच मारली. कातडी फाटली. ती मागं सरली, पण दोनच पावलं, आणि पुन्हा आली. पुन्हा मार. तिसऱ्यांदा तिनं त्याच्या पायाखालूनच एक पट्टा ओढला आणि दोघं तो पट्टा दोन्ही टोकांनी गिळत एकमेकांजवळ आले, चोचीला चोच लागेपर्यंत, आणि मग तोंडावरच मारामारी सुरू झाली.

त्यांच्या मागं तपकिरी रंगाचा तरुण कोंडोर. त्याला अजून घासही मिळाला नव्हता. तो पुढं गेला की मादी मारायची, मादी चुकवली की म्हातारा. एकदा दोघांनी मिळून त्याला उताणा पाडला आणि त्याच्या पोटावर उभं राहून मारलं.

“आपल्या तालुक्याच्या सभेत असंच असतं,” सिक्स्तो म्हणाला. ती हसली नाही, आणि त्यालाही हसायचं नव्हतं.

सगळ्यांच्या बाहेर काराँचो, घारीएवढे मांसखाऊ पक्षी. काळी टोपी, लाल तोंड, लांब पाय, कोंबडीसारखी चाल आणि कोंबडीचा एकही गुण नाही. आठ-दहा होते. त्यातला एक म्हाताऱ्याच्या पायांमधून आत घुसला. म्हाताऱ्यानं मान न वळवता त्याचा पंख चोचीत धरला आणि पिळला. तो एका पंखावर बर्फात गोल गोल फिरू लागला. मग त्याच्याच भावकीनं त्याला खायला घेतलं, तो फिरत असतानाच. ते संपायच्या आत वरून गरुड आला, पाय पुढं करून, आणि त्यांच्यातून तो काराँचोच उचलून घेऊन गेला. दोघं काराँचो त्याच्यामागं उडाले. हवेत त्याच्या पाठीवर चढले. गरुडानं पंजे उलटे करून एकाचं पोट फाडलं, त्याचं आतडं मागं लोंबत राहिलं आणि उरलेल्यानं उडता उडता तेच धरलं.

ओतिलियाला बरं वाटू लागलं.

हे तिला स्वतःलाच कळायला वेळ लागला. एवढं रक्त सांडत होतं आणि तिच्या छातीवरचा दगड थोडा थोडा हलत होता.

*

का, ते सांगायला हवं.

जो हरत होता, तो जात नव्हता. तरुण कोंडोर पाच वेळा मार खाऊन पाचही वेळा परत आला. काराँचो मरत होते पण हटत नव्हते. जवळपास दुसरं काही मेलेलं असतं, तर मार खाणारा तिकडं गेला असता. एका ताटासाठी एवढी कापाकापी होते, तेव्हा ताट एकच असतं. आणि ते ताट खेचर होतं. तिनं अख्खं आयुष्य शेळ्यांमागं काढलं होतं. पोटभर खायला असलं की गिधाडंही ओळीनं बसतात, हे तिनं दुष्काळात पाहिलं होतं.

तिनं हे सिक्स्तोच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.  तो म्हणाला की कोमाद्रेचं डोकं चालतं, पण देल्मिरो खेचराखाली दबला असेल तर पक्ष्यांना तरी कुठं दिसणार आहे. पक्ष्यांना खेचराचंच ताट दिसणार, माणूस तळाशी. वर ढग येत होते. अजून दोन-तीन तासांत बर्फ सुरू झाला असता. त्याचं म्हणणं, आता निर्णय घ्यायचा. तो मेला असला तर खाली जाऊन सहा माणसं, दोर आणि घोंगडी घेऊन यायचं. मेला नसला तर उजेड आहे तोवर दरी शोधायची. दोन्ही होणार नाही.

आणि त्यानं तिच्या हातातल्या बंदुकीकडं पाहिलं. त्यांच्या डोंगरात रीत होती: पक्ष्यांनी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला तोंड लावलं असेल, तर बार काढून त्यांना उठवायचं, आणि तो बार रक्ताच्या माणसानं काढायचा. दुसऱ्यानं काढला तर त्या घराची लाज. छर्रे एवढ्या लांब पोचत नसत, आवाज पोचे.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “खाऊ देत. खातायत तोवर मला दिसतंय.”

*

पंगत मोडली

मग मादीनं बर्फात मान घातली आणि खेचराच्या मुंडक्याकडून काहीतरी ओढलं, ते निघेना, म्हाताराही आला आणि त्यानंही धरलं, दोघांनी पाय रोवले, बर्फ फुटला आणि आतून कापड बाहेर आलं, राखाडी, कडेला तांबड्या पायऱ्यांची नक्षी, ती नक्षी ओतिलियानं स्वतः विणली होती, मागच्या हिवाळ्यात, आणि तिच्या भावाच्या खांद्यांच्या मापाचा तो पोंचो दोन कोंडोर दोन टोकांनी ओढत होते, कापड काळं झालं होतं, ताठ झालं होतं, रक्तानं, आणि बर्फात कुठला माणूस पोंचो काढतो, कुठलाच काढत नाही, म्हणजे तो आत आहे, आत होता, म्हाताऱ्यानं त्यातून एक तुकडा फाडून गिळला, आणि तिनं बंदूक खांद्याला लावली.

बार झाला.

*

दरीनं तो आवाज तीनदा परत दिला.

पोट भरलेल्यांना उडता येईना. म्हाताऱ्यानं खाल्लेलं सगळं बर्फावर ओकलं, उताराकडं धावला, ठेचकाळला, पुन्हा ओकला आणि पायरीच्या कडेवरून त्यानं स्वतःला खाली टाकून दिलं. मादी त्याच्यामागं. एक-एक करून जेवलेले सगळे दूर वर वर गेले, काळे ठिपके झाले.

पोंचो अर्धवट ओढलेला पडला होता. वाऱ्यानं तो उलटला. आत खेचराचं मुंडकं, दुसरं काही नाही.

तेव्हा तिला आठवलं. आधी आठवायला हवं होतं. ज्या जनावरानं आपल्याला वाहून नेलं, त्याला सुरी लावताना डोळे बांधायचे. त्यानं आपल्याकडं बघता कामा नये. तिच्या बापानं हे दोघा भावंडांना एकाच दिवशी शिकवलं होतं, एका म्हाताऱ्या घोडीवर. देल्मिरोनं पोंचो काढला होता तो खेचरासाठी.

“तो जिवंत होता,” ती म्हणाली. “खेचराला त्यानं मारलंय.”

सिक्स्तोनं टोपी घातली.

पण जे जेवलेच नव्हते, ते वर गेले नाहीत. तरुण कोंडोर आणि चार काराँचो हलके होते, कालपासून उपाशी. ते दरीत खाली उतरले. नदीच्या वर, खेचराच्या बरोबर खाली, एका कपारीपाशी त्यांनी एक फेरी मारली. दुसरी फेरी लहान. तिसरी आणखी लहान. मग पहिला काराँचो पाय सोडून बसला.

आपण त्यांना ताटावरून उठवलं, आणि दुसरं ताट दाखवलं. हे ओतिलियाला पूर्ण वाक्यात सुचलं. मग ती धावत सुटली.

*

कड्यावरून नदीपर्यंत अर्धा तास लागतो. ती किती वेळात उतरली, ते सिक्स्तोला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तो सांगे की ती उतरली नाही, पडत गेली. एका घसरणीवर तिच्या डाव्या हाताची दोन नखं दगडात राहिली. नदी कमरेपर्यंत होती. ती तशीच शिरली, बंदूक डोक्यावर धरून. एकच काडतूस उरलं होतं.

पलीकडं चढताना तिला आवाज ऐकू आला. माणसाचा नव्हता. कपारीत मारामारी चालली होती.

चौथ्या पंगतीत पाच जण होते आणि ताट हलत होतं.

देल्मिरो पाठीवर पडला होता, एक पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला. खोगिरावरचं मेंढीचं कातडं अंगावर ओढलेलं, त्यावर तरुण कोंडोर उभा. कोंडोर काराँचोंना मारत होता. सकाळपासून ज्यानं मार खाल्ला, तो आता म्हाताऱ्यासारखे पंख पसरून मारत होता, आणि एकेक काराँचो पंखाखालून घुसून देल्मिरोच्या तोंडाकडं झेपावत होता. देल्मिरोच्या उजव्या मुठीत एक काराँचो होता, मान धरलेला. तो मेला होता की नाही कोण जाणे, पण देल्मिरो त्यालाच फिरवून दुसऱ्यांना हाणत होता. एका बाजूनं तो आंधळ्यासारखा हाणत होता, कारण त्या बाजूचा डोळा नव्हता.

बंदूक वापरता येणार नव्हती. भाऊ मधे होता. तिनं ती उलटी धरली, नळीकडून, आणि दस्ता कोंडोरच्या मानेवर घातला. तो वळला आणि तिच्या दंडाचा लचका तोडला. तिनं पुन्हा घातला. तिसऱ्या तडाख्यात मान वाकडी झाली आणि एवढा मोठा पक्षी तिच्या अंगावर कोसळला, घाण वासाचा, गरम. त्याला ढकलून ती उठते तोवर एक काराँचो देल्मिरोच्या गालावर होता. तिनं त्याला हातानंच धरलं, पाय धरून दगडावर आपटलं, दोनदा, पाचदा, आपटायला काही उरलं नाही तोवर.

उरलेले दोन जरा लांब जाऊन बसले. त्यांना घाई नव्हती.

*

सिक्स्तो पोचला तेव्हा तिनं आपली ओढणी फाडून देल्मिरोचं डोकं बांधलं होतं. पाय पाहून सिक्स्तो म्हणाला की दोघांच्यानं हा उचलणार नाही, माणसं आणावी लागतील. जायच्या आधी त्यानं आपल्या पिशवीतलं भाजलेलं पीठ आणि चिमूटभर साखर नदीच्या पाण्यात कालवून देल्मिरोच्या तोंडाला लावलं.

तो प्यायला. मग बोलू लागला. घसा बसला होता, तिला वाकून ऐकावं लागलं. खेचर घसरलं आणि दोघं त्या पायरीवर पडले. त्याचा पाय मोडला आणि खेचराचं कंबरडं. त्यानं सरपटत जाऊन त्याचे डोळे बांधले आणि गळा कापला. मरता मरता खेचरानं पुढचा पाय झाडला, तो याला लागला आणि हा खाली कपारीत आला, हातात धरलेल्या कातड्यासकट. काल दुपारपासून तो ओरडत होता. नदीपुढं कोणाला ऐकू येणार.

“बार कोणी काढला?” त्यानं विचारलं.

“मी,” सिक्स्तो म्हणाला.

“खोटं बोलू नका, कोंपाद्रे,” ओतिलिया म्हणाली. “मी काढला. मला वाटलं तू गेलास.”

 उरलेल्या डोळ्यानं देल्मिरो वर, पायरीकडं बघत होता. मग म्हणाला, “काल मी त्यांना मोजत होतो, ओती. वरून रक्त गळायचं, पिसं पडायची. मी म्हणायचो, मारा एकमेकांना, खेचर मोठं आहे, पुरवून खा. रात्री ते झोपले तशी मला भीती वाटायला लागली, की सकाळी ते संपवतील. सकाळी पुन्हा भांडायला लागले तेव्हा मी रडलो.” त्यानं तिच्याकडं तोंड वळवलं. “मग तुझा बार झाला. मला वाटलं, सुटलो.”

तिनं क्षमा मागितली नाही. मागून देणार काय होता तो, आणि घेणार कुठं होती ती. तिनं ओली बाही पिळली आणि त्याच्या गालावरचं रक्त पुसलं.

सिक्स्तो निघाला. यायला चार तास लागतील, बर्फ आला तर पाच, असं तो म्हणाला, आणि कोमाद्रेनं काडतूस जपून ठेवावं. तिनं बंदुकीतलं काडतूस काढलं आणि त्याच्याच हातात दिलं: आता पुन्हा बार नको. तो ते खिशात घालून गेला.

ती देल्मिरोच्या डोक्याशी बसली, दोन्ही हातांत दोन दगड घेऊन. दोन काराँचो बघत होते. एक पाय टाकत जवळ आला. तिनं दगड मारला, तो चुकला. पक्षी बाजूला झाला, आणि पुन्हा तेवढाच जवळ आला.

मग वरून सावली गेली. खूप मोठी. तिच्यामागं दुसरी. सावल्या खाली थांबल्या नाहीत, पायरीवर चढल्या. क्षणभर नदीच काय ती ऐकू येत होती. मग वर पंखांचा दणका बसला, दगडावर काहीतरी घसरलं, आणि काळं पीस गिरक्या घेत त्यांच्यासमोर येऊन पडलं.

दोन्ही काराँचोंनी माना वर केल्या. एक उडाला. थोड्या वेळानं दुसराही.

“काय चाललंय वर?” देल्मिरोनं विचारलं.

“भांडतायत.”

“खेचर किती उरलंय?”

तिनं सकाळचं आठवून पाहिलं. छाती शाबूत होती, एक मांडी पूर्ण.

“बरंच आहे,” ती म्हणाली.

त्यानं डोळा मिटला. ती दगड हातात धरून ऐकत राहिली, वरचा आवाज कमी झाला की श्वास धरायची, आणि पुन्हा कोणी किंचाळलं की सोडायची. बर्फ पडायला लागला होता.