तोफेखालचं झाकण

मी रणगाडे फोडते. म्हणजे कंपनीने दिलेलं पद चांगलं लांबलचक आहे, ओळखपत्रावर दोन ओळी खातं, पण काम एवढंच. आम्ही युद्धाचे गेम बनवतो, आणि रणगाड्यावर गोळा कुठे लागला की आत काय होईल हे मी ठरवते. कडेला लागला तर आतला दारूगोळा पेटेल, पट्ट्यावर लागला तर गाडी जागच्या जागी गरगरेल, अमुक ठिकाणी लागला तर अमुक माणूस मरेल. अकरा वर्षं हेच करतेय. कोणी विचारलं की आई 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणते आणि पटकन विषय बदलते.

मला या कामाची भारी घमेंड होती, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांच्या गेममध्ये रणगाडा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. वर एक पट्टी असते, ती लाल होत होत संपली की धडाम, खेळ खलास. असलं काही पाहिलं की माझं डोकंच फिरायचं. आमच्या रणगाड्यात चार माणसं बसलेली असतात आणि चौघं वेगवेगळ्या तऱ्हेने मरतात. हे वाक्य मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. आता लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

माझा मामा तरुणपणी खऱ्या रणगाड्यात गनर होता, म्हणजे तोफेचा नेम धरणारा. एका लढाईत त्यांची गाडी जळाली. मामा, कमांडर आणि गोळे भरणारा लोडर असे तिघं बाहेर आले, ड्रायव्हर गेला. मामा परत आला, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि त्या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. तो स्वतःहून त्याबद्दल बोलत नाही आणि आमच्या घरात कोणी विचारत नाही.

विचारायची ती फक्त ड्रायव्हरची मुलगी. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. मामा तिला छोटी म्हणतो. छोटी आज चव्वेचाळीसची आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, तरी छोटीच. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून लग्नापर्यंत आणि तिच्या घराचा नळ गळतोय इथपर्यंत सगळ्याला मामा हजर. लहानपणी ती त्याला विचारायची, "काका, बाबांना खूप लागलं का?" मामा सांगायचा, "नाही गं बाळ. गोळा सरळ पुढून आला. एका क्षणात गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही." मी हे इतक्यांदा ऐकलंय की मलाही पाठ आहे.

नव्या गेममध्ये मामाचाच रणगाडा घ्यायचं ठरलं, आणि मी मामाच्या मागे हात धुऊन लागले. ऑफिसला ये, बघ, काय चुकतंय ते सांग.

"मला काय कळतंय तुझ्या कॉम्प्युटरमधलं," मामा म्हणाला.

"तुला गाडीतलं कळतं ना? बास झालं."

कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला बिचारा. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणतो, कारण ते दर वाक्याला मनगटाकडे बघतात. त्या घड्याळाने स्वतः मामाला खुर्ची ओढून दिली. मामा पडद्यासमोर बसला, हातात दांडा घेतला आणि दहाव्या मिनिटाला आमच्या चुका काढायला लागला. गनरला इतकं दिसत नाही, भोकातून जग बघायचं असतं. गोळा सुटला की आत धूर भरतो, डोळे चुरचुरतात. आणि हा लोडर फारच सभ्य आहे, आमचा दर गोळ्याला शिवी द्यायचा. सगळी मुलंमुली त्याच्याभोवती गोळा झाली होती. मी मात्र कौतुकाने फुगून उभी. माझा मामा आहे म्हटलं.

एक गोष्ट मला दिसली ती इतर कोणाला दिसली नाही. डाव संपला की, किंवा नुसतं पाणी प्यायला उठायचं असलं तरी, मामा आधी तोफ बाजूला फिरवायचा आणि मगच खुर्ची सोडायचा. चार वेळा केलं त्याने.

"मामा, हे काय रे?"

"सवय."

"कसली?"

"खाली ड्रायव्हरचं झाकण असतं. तोफ समोर राहिली की ते उघडत नाही," तो म्हणाला, आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसला.

मी हुरळूनच गेले. इतकी वर्षं गाड्यांचे जुने आराखडे चाळले, पुस्तकं पालथी घातली, आणि हे कुठेच ध्यानात आलं नव्हतं. मामाला टॅक्सीत बसवून दिलं आणि धावत वर येऊन मोजमाप काढलं. खरंच होतं. तोफ नाकासमोर असली तर झाकण चार बोटं उचलतं आणि अडतं. ड्रायव्हर आत.

मामाने मला एक फोटो दिला होता. त्यांच्या जळालेल्या गाडीचा, दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढलेला. काजळी कुठे कशी धरते ते बघायला मी तो महिनाभर पडद्यावर मोठा करून ठेवला होता. त्या दुपारी तो परत उघडला. या वेळी काजळी पाहिली नाही, तोफ पाहिली. तोफ समोर होती, बरोब्बर झाकणावर. आणि झाकण चार बोटं उचललेलं होतं.

मला कळलं. तिथल्या तिथे, खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. एका क्षणात गेलेला माणूस झाकण ढकलत नाही. फार तर दहा मिनिटं मी त्या झाकणाकडे बघत बसले. मग मी फोटो बंद केला आणि झाकणाच्या कामाला लागले.

काम झकास झालं. गाडी पेटली आणि तोफ समोर असली की ड्रायव्हर अडकतो. झाकणावर आतून ठोकल्याचा आवाज येतो, मग तो थांबतो. आमच्या आवाजवाल्याने ऑफिसच्या लोखंडी कपाटावर मुठी आपटून तो काढला. मी शेजारी उभी राहून 'अजून जोरात, अजून घाईत' सांगत होते. ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं ते म्हणाले, बाई, अंगावर काटा आला. मी खूश. घड्याळ तर मनगटाकडे बघायचं विसरलं. वर मीच सुचवलं की हा रणगाडा त्या ड्रायव्हरच्या नावाने करू, टरेटवर, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजावर, त्यांच्याच गाडीचा नंबर घालू, आणि गेम लोकांसमोर आणायच्या दिवशी त्यांच्या मुलीला बोलावू. दुसऱ्याच दिवशी छोटीताईंना पत्र गेलं. आपण किती चांगलं काम करतोय असं वाटून माझेच डोळे भरून आले होते, एवढा निर्लज्जपणा.

मग शेखी मिरवायला मी मामाच्या दुकानात गेले. तो एका मशीनला तेल घालत होता. मी फोन त्याच्यासमोर धरला. गाडी पेटली, ठोकणं सुरू झालं. मामाने तेलाची बुधली खाली ठेवली आणि शेवटपर्यंत बघितलं.

"हे काढता येईल का?" त्याने विचारलं.

"का रे? तुझंच तर आहे."

"छोटी येणार आहे त्या दिवशी." बोटांचं तेल पुसत म्हणाला, "तिला मी वेगळं सांगितलंय."

आणखी सांगायची गरज नव्हती, फोटो मी पाहिलेला होता. चाळीस वर्षं त्या मुलीला ज्या एका वाक्यावर उभं केलं, ते मी मोडणार होते, आणि तो माझ्याकडे हात पसरत होता. मामाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी म्हणाले, "मामा, आता नाही रे निघत. सगळं एकात एक गुंतलेलं असतं. हे काढलं तर गेमच कोसळेल."

थाप. साफ थाप. यादीत एक चौकोन असतो, त्यातली खूण काढायची, झालं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं. पण ते काढलं असतं तर माझ्या कामात लोकांनी नाव घ्यावं असं उरलंच काय होतं?

मामाचा जन्म मशीनं खोलण्यात गेला. काय काढलं तर काय सुटतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "निदान त्या दिवशी दाखवू नका."

"ते सांगते मी साहेबांना."

सांगायला गेले होते, देवाशपथ. पण घड्याळ म्हणालं, "शेवटी तुझं झाकण दाखवायचं, आणि मग तुला उभं करायचं." मी मान डोलावून बाहेर आले.

त्या दुपारी हॉल खच्चून भरला. छोटीताई दुकानातून अर्धी रजा काढून आल्या होत्या. पहिल्या रांगेत मामा, त्या आणि मी. पडद्यावर बापाच्या गाडीचा नंबर आला तेव्हा त्यांनी मामाचा हात घट्ट धरला. मला म्हणाल्या, "तू हे केलंस, किती बरं वाटलं गं." मामा सरळ समोर बघत होता. मला अजून वेळ होता. उठून साहेबांपाशी जाऊन पडदा बंद करा म्हणायला चार पावलं पुरली असती. मी पदर सारखा करत बसून राहिले.

मग तोफ समोर आली, गोळा आला, गाडी पेटली. त्या मोठ्या स्पीकरवर ठोकणं असं घुमलं की मागची दोन माणसं खुर्चीत पुढे सरकली. थांबलं, आणि टाळ्या. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. घड्याळाने समजावून सांगितलं, सावकाश, कोणालाही कळेल असं: तोफ समोर राहिली की झाकण उघडत नाही, आणि ही गोष्ट आम्हाला सांगितली आपल्यात बसलेल्या एका खऱ्या गनरने. त्यांनी आणि त्यांच्या भाचीने कृपया उभं राहावं.

मामा उठला नाही. मी उठले. हसून हातसुद्धा जोडले.

लोक चहाला गेले. हॉल रिकामा झाला, आम्ही तिघंच राहिलो. छोटीताई दुकानात लोकांना 'आता स्पष्ट दिसतंय की आता' विचारतात ना, तसल्याच हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, बाबांच्या वेळी तोफ कुठे होती?"

"समोर."

"मग झाकण?"

"नाही उघडलं."

"म्हणजे ते..."

"जिवंत होते," मामा म्हणाला. "आम्ही तिघं वरून उड्या मारल्या, तेव्हा ठोकल्याचा आवाज आला. तोफ हाताने फिरवता येते. आत एक चाक असतं, वीस-बावीस फेरे मारायचे. ते माझं काम होतं. मी परत वर चढलो, एक पाय आत टाकला. आत जाळ होता. मी घाबरलो, बाळ. उतरलो."

त्यांनी त्याचा हात सोडला नाही, पण बोटं सैल झालेली मला दिसली.

"किती वेळ ठोकत होते?"

"मोजलं नाही. बराच वेळ."

मामाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं गालावरून पाणी. छोटीताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तरी दाखवलंस?"

मी काही बोलायच्या आत मामाच बोलला. "तिच्या हातात नव्हतं गं. मी सांगितलं होतं तिला काढ म्हणून. नाही निघत ते. एकात एक गुंतलेलं असतं."

त्याला ठाऊक होतं. माझी थाप त्याला त्याच दिवशी कळली होती, आणि आता तो ती माझ्यासाठी जशीच्या तशी सांगत होता. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. नाही, खोटं आहे ते, एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

छोटीताईंनी पर्स खांद्याला लावली. जातील असं वाटलं. गेल्या नाहीत.

"तुझ्या गेममध्ये किती वेळ ठोकतात?"

"नऊ सेकंद."

"नऊच का?"

मामानेही मान वर केली. त्याला वाटलं असेल, काहीतरी हिशेब असेल, कुठल्या पुस्तकात असेल. निदान एवढं तरी भाचीने विचार करून ठरवलं असेल.

"त्याच्या पुढे गेलं," मी म्हणाले, "की खेळणारे कंटाळतात."