एकशेसत्तावीस डिग्री

तानाजीशेठच्या केबल रूमवर मी पोचलो तेव्हा भिवाचा पुढचा दात पडलेला होता. लादीवर, कीबोर्डच्या वायरीपाशी. भिवा म्हणजे शेठच्या बहिणीचा मुलगा, पंचवीस वर्षांचा. कॉम्प्युटर तोच बघायचा. अख्ख्या कोळीवाड्याला टीव्हीवर दुपारचा पिक्चर आणि त्याखाली सरकणाऱ्या जाहिराती, सगळं त्या एका मशीनमधून जायचं.

मशीन मी बनवलेली. पंधरा दिवसांपूर्वी, कल्याणहून पार्ट आणून. नव्याण्णव साल.

"ये इंजिनेर," शेठ म्हणाला. "दार लाव."

मी इंजिनियर नाही. बारावी नापास. डोंबिवलीत घरी बसून मासिकं वाचून शिकलेलो. पण शेठला इंजिनियर म्हणून सांगितलेलं मीच.

चार दिवस मशीन पिक्चर लावला की मिनिटभरात बंद पडत होती. सहाशे घरांत पडदा निळा. तिकडे माजिवड्याचा दुसरा केबलवाला ह्याच घरांना फुकट जोडणी देत फिरत होता. मागच्या महिन्यात त्याच्या पोरांनी शेठच्या वायरी कापल्या, आणि शेठने एकाचा गुडघा फोडला. आज शेठ न सांगता रूमवर आला, तर मशीन बंद आणि कॅबिनेटखालून पाणी.

"ह्यानं पाणी ओतलं," शेठ म्हणाला. "माजिवड्यावाल्याचे पैसे खाल्लेत."

"मामा, ओतलं नाय," भिवा म्हणाला. तोंडातून रक्ताचा फेस. "बरफ लावला."

शेठने त्याच्या पोटात लाथ घातली. भिवा दुमडला. देवरामने, शेठच्या माणसाने, त्याला केस धरून उचललं आणि त्याचा उजवा हात टेबलावर पसरून दाबला. शेठच्या हातात खांबावर खिळे ठोकायची हातोडी होती.

"मशीन पाण्यानं गेली ना? तू हो म्हण फक्त. मग मी ह्याचा हात घेतो."

नुसतं हो म्हणायचं होतं मला. खोटं नाही सांगत, जिभेवर आलेलं.

"बरफ कशाला लावलास?" मी भिवाला विचारलं.

"लाल आकडा आला ना. एकशेसत्तावीस. पाणी शंभरला उकलतं, आन ही एकशेसत्तावीस. आयशीच्या मासळीच्या पाटीतला बरफ आनला, पिशवीत बांधून बाजूला लावला. मावरं तापलं तं काय करतंस तू?"

"मावरं आहे काय रे ते," देवराम हसला आणि हात अजून दाबला.

"बघतो," मी म्हटलं. "मग सांगतो."

कॅबिनेट उघडलं. पाणी सगळं पत्र्याच्या बाहेरून ओघळलेलं. आत बोर्ड सुका. बर्फाची पिशवी अजून अर्धी घट्ट होती. मोठ्या चिपवरच्या ॲल्युमिनियमला बोट लावलं. माठासारखं थंड.

बटण दाबलं. मशीन चालू झाली. शेठ भिवाकडे बघायचा थांबला, माझ्याकडे बघायला लागला.

स्क्रीनवर तापमानाचा प्रोग्राम आला. तीन आकडे. पहिला अठ्ठावीस, मग एकोणतीस, मग तीस. चिप हळूहळू तापत होती, बरोबर. दुसरा सव्वीस, सत्तावीस. तिसरा एकशेसत्तावीस. लाल.

मी पिशवी उचलून पत्र्याला चिकटवली. एकशेसत्तावीस. पंखा बोटाने अडवला, नख फाटलं. एकशेसत्तावीस. बाकीचे दोन हलत होते, हा जागचा हलत नव्हता. खरी गरमी चढते, उतरते. हे तापमान नव्हतंच. गरमी मोजणाऱ्या तिसऱ्या सेन्सरची वायर लावलेलीच नसेल तर बोर्ड बिचारा त्याच्याकडचा सगळ्यात वरचा आकडा दाखवणार.

ती वायर माझ्या पिशवीत होती. पंधरा दिवस. बॉक्समधून निघालेली, कशाची ते कळलं नाही म्हणून ठेवून दिलेली. आणि चार दिवसांपूर्वी येऊन हा प्रोग्राम टाकला तेव्हा, आकडा साठच्या वर दिसला की मशीन बंद करायची, त्या चौकटीत टिक मीच केलेली. सगळ्याच चौकटींत केलेली. गिऱ्हाईकासमोर लाल-हिरवे आकडे भारी दिसतात.

सत्तर मोजायच्या आत मशीन आपोआप बंद झाली. तिघांच्या डोळ्यांसमोर. बर्फाला टेकलेली.

"बोल," शेठ म्हणाला. हातोडी वर गेली. भिवाने डोळे मिटले.

"ह्यानं काय नाय केलं. मशीन तापतच नव्हती. चूक माझी आहे."

वायर काढून दाखवली. सगळं सांगितलं. इंजिनियर नसल्याचंपण.

पहिला फटका शेठचा, कीबोर्डने, कानावर. बटणं उडाली. दुसरा देवरामचा, बरगडीवर, आतून कट असा आवाज आलेला मला आठवतो. मी खाली पडलो तर भिवाचा दात माझ्या नाकासमोर. शेठ तुडवत होता आणि एकच बोलत होता, "माझ्या बहिणीचा पोरगा. माझ्या बहिणीचा पोरगा." पायाला दम लागला तसा थांबला. मग त्याने हातोडी भिवाकडे धरली.

"घे. तुझा हात जाणार होता. तू घे ह्याचा."

देवरामने मला टेबलाशी बसवलं.

भिवा समोर उभा राहिला. एक डोळा सुजून बंद. "कामाचा हात कुठचा तुझा?"

"डावा," मी म्हटलं.

ही मशीन जोडली तेव्हा भिवा दिवसभर माझ्या शेजारी बसलेला. एकेक स्क्रू त्यानेच हातात दिलेला. माझ्या उजव्या हातात.

तो माझ्याकडे बघत राहिला. "डावा," तो म्हणाला, मामाला ऐकू जाईल असं. आणि हाणली. दोन बोटं. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही, मुतलो ते आठवतं.

"आता वायर लाव," शेठ म्हणाला. "तीनचा पिक्चर आहे."

उजव्या हाताने लावली. बॅटरी भिवाने धरली. त्याच्या तोंडातलं रक्त पत्र्यावर टपकत होतं, ते तो बाहीने पुसत होता, बोर्डवर पडू नये म्हणून.

मशीन चालू केली. तिसरा आकडा हिरवा आला. एकतीस.

आम्ही दोघं बघत बसलो. जरा वेळाने बत्तीस झाला.