पाण्याला आणि पाण्यात

जगातल्या यच्चयावत थोर संस्कृती पाण्याच्या काठी जन्मल्या, तेव्हा येत्या रविवारी आपल्या घराण्यानेही पाण्याकडे प्रस्थान ठेवायचं, अशी ऐतिहासिक घोषणा अंगदने गुरुवारी सकाळी घरात केली. घोषणेच्या वेळी त्याच्या तोंडात पेस्टचा फेस होता आणि चूळ भरायला तांब्यात पाणी नव्हतं. त्यामुळे संस्कृती, घराणं आणि प्रस्थान ही मंडळी फेसातच अडकली आणि घरातल्या तिघींना ऐकू आलं ते एवढंच : "रविवारी... सगळ्यांनी... पाण्या..."

पुढचं अक्षर गिळलं गेलं.

बायको सुकेशनी आणि मुलगी सृष्टी यांना वॉटर पार्कची चर्चा ठाऊक होती, म्हणून त्यांनी ते बरोबर जुळवून घेतलं. आईला, म्हणजे दगडाबाईला, ती चर्चा कोणी सांगितलेली नव्हती. तिने आपल्या परीने जुळवलं. क्षणभर ती मुलाकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमचं झाकण काढून तिने त्याला चूळ भरायला तांब्यात पाणी आणून दिलं. अर्धाच तांब्या. या घरातला पाणीपुरवठा तिच्याकडे होता आणि ते खातं तिने मागून घेतलेलं नव्हतं.

घर छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या अंगाला, जालना रस्त्याकडच्या एका गुंठेवारी वसाहतीत होतं. अंगदला शेंद्र्याची कंपनी तिथून जवळ पडायची. घराला नळ होता. भिंतीवर तो फार शोभून दिसायचा. पाणी मात्र रविवारच्या टँकरने यायचं आणि गल्ली अरुंद म्हणून टँकर कोपऱ्यावरच थांबायचा. कोपऱ्यापासून ड्रमापर्यंतचा इंतजाम दगडाबाईच्या डोक्यावर, अगदी शब्दशः. अंगदची कंबर कंपनीत दुखावलेली. सुकेशनीला रविवारी चुलीपासून हलता येत नसे. सृष्टी लहान. दगडाबाई कधीकाळी एकदा म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या, मला सवय हाये." हे वाक्य घराने इतक्या आदराने जपून ठेवलं होतं, की पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही.

आता प्रश्न होता कोणत्या पार्कात जायचं. पर्याय दोन. एक मोठं, समुद्रासारख्या लाटा उठवणारं, तीन मजली घसरगुंड्यांचं. तिथं नायलॉनचा पोशाख सक्तीचा. साडी, लुगडं, धोतर नेसून पाण्यात उतरायला मनाई. दुसरं करमाडच्या बाजूला, छोटंसं. एक उथळ तलाव, एक बुटकी घसरगुंडी, वरून पडणारा खोटा पाऊस. तिथं फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "काय बी घालून या साहेब, फक्त चपला बाहेर काढा."

सृष्टीला दोन्ही चालत होती. तिला भिजायचं होतं. अंगदने मोठं निवडलं. कारण विचारल्यावर म्हणाला, छोट्या पार्कातलं पाणी घाण असतं. हे त्याला कोणी सांगितलं, हे त्याने सांगितलं नाही.

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने स्वतःलाही नीटसं कळू दिलं नव्हतं. मोठ्या पार्कात त्याच रविवारी प्रणय सहकुटुंब येणार होता, आणि आपणही येतो असं अंगद त्याला सांगून बसला होता. प्रणय म्हणजे कंपनीतला त्याचा साहेब, वयाने लहान. अंगदच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहायचं : आई लुगड्याचा काष्टा खोचून पाण्यात उभी आहे, कोपरापर्यंत गोंदलेले हात वर करून "आगं बया बया" असं अख्ख्या पार्काला ऐकू जाईल इतक्या मोकळ्या आवाजात ओरडते आहे आणि साहेबांची बायको गॉगल वर करून बघते आहे. मागे एकदा साहेबांनी सहज विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. अंगद म्हणाला होता, आई गावाकडेच असते, तिला शहर मानवत नाही.

त्यामुळे सुकेशनीने भाकरी थापता थापता "अहो, आत्याबाईंचं काय?" असं विचारलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

"तिथं लुगडं चालत नाही. त्यांचा नियमच आहे, आपण काय करणार? शिवाय रविवारचा टँकर आहेच."

त्याच्या आवाजातली सुटका सुकेशनीला ऐकू आली. तिने भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.

शनिवारी संध्याकाळी मुंजाबा मामा आला. दगडाबाईचा हा थोरला भाऊ वेरूळच्या पलीकडच्या खेड्यात अजून मेंढरं राखून होता. बहिणीची आठवण झाली की न कळवता यायचा. वॉटर पार्क म्हणजे काय, हे त्याने भाच्याकडून बारकाईने समजून घेतलं. वर चढायचं, घसरून पाण्यात पडायचं, मग पुन्हा वर चढायचं, असं अंगदने सांगितल्यावर मामा विचारात पडला.

"आमच्या शेरड्या बी दिवसभर हेच करतेत," तो म्हणाला. "पर त्यांना कोणी तिकीट लावत नाय."

सगळे हसले. दगडाबाई बाहेर ओट्यावर जुनं लुगडं टराटरा फाडत बसली होती, आतली चर्चा तिच्या कानापर्यंत आली नाही. पोतेरी करत असेल, असं अंगदला वाटलं.

रविवारी सकाळी अंगद बाहेर आला तो हाफ पँट, गॉगल आणि खांद्यावर नायलॉनच्या कपड्यांची बॅग अशा थाटात. मागून सुकेशनी, सृष्टी. पायरीवर तिघंही थबकले.

ओट्यावर भांडी ओळीने मांडलेली होती. एक मोठा हंडा, त्याच्याजवळ एक कळशी, तिच्याजवळ सृष्टीच्या हातात मावेल अशी चरवी. चिंचेने घासून लख्ख केलेली. प्रत्येकावर एकेक नवी चुंबळ. हंडा डोक्याला टोचू नये म्हणून कापडाची गोल वळी करून डोक्यावर ठेवतात, ती. जुन्या लुगड्याच्या चुंबळी होत्या. अगदी चरवीवरसुद्धा एक होती, बांगडीएवढी.

दगडाबाई धुतलेलं लुगडं नेसून, केस चोपून बसवून उभी होती. "चला," ती म्हणाली. "टँकर येतच आसंल. आंगद, तुझी कंबर दुखती म्हणून तुला चुंबळ जाड केलीय. डोक्यावर जमत नसंल तं खांद्यावर घे."

अंगदला काही कळेना. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून शेजारची भामाबाई ओरडली, "काय वो दगडाबाई, खरंच येऊन ऱ्हायला का लेक पाण्याला? मला वाटलं, तुम्ही गंमत करताय."

"म्या बोलले व्हते का नाय?" दगडाबाई म्हणाली. "गुरुवारीच बोलला मपलं लेकरू. रविवारी समद्यांनी पाण्याला."

ती हे सगळ्या गल्लीला सांगून बसली होती. दारादारांत बायका उभ्या होत्या. अंगदचं येणं ही त्या सकाळची मोठी बातमी होती आणि बातमी हाफ पँटमध्ये पायरीवर उभी होती.

"अगं आजी, पाण्याला नाही," सृष्टी म्हणाली, "पाण्यात! आम्ही तिघं चाललोय वॉटर पार्कला. तुला तिथं नाही चालत, लुगड्यामुळं. छोट्या पार्कात चाललं असतं, पण पप्पा म्हणाले तिथलं पाणी घाण आहे."

सुकेशनीने तिच्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर लेकराने सगळं सांगून टाकलं होतं.

दगडाबाई रागावली असती तर अंगदला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं. ती हसली, आणि गल्लीकडे पाठ करून खाली वाकून भांडी उचलायला लागली. चरवी कळशीत, कळशी हंड्यात.

"जावा की मंग लेकरांनो," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत जावा. म्या भरते. मला सवय हाये."

मुंजाबा मामा दाराशी चहाची बशी घेऊन बसला होता. त्याने बशी खाली ठेवली.

"आंगद, इकडं ये. बस." अंगद बसला. मामापुढे भाचा उभा राहत नाही. "एका अक्षराचा तं घोटाळा हाये, दुसरं काय. तुम्ही समदी पाण्यात, अन् ही पाण्याला. व्हय ना?"

"मामा, तिला झेपणार नाही तिथलं. वय झालंय."

"व्हय. भरला हंडा झेपतो. तळ्यात पाय सोडून बसणं झेपायचं नाय."

अंगदने मान खाली घातली. मामाचा आवाज चढला नव्हता; तो मेंढरांना हाकतानाही चढत नसे.

"आम्ही हौदावर मेंढरं पाजतो, तवा म्हाताऱ्या मेंढीला आधी पुढं काढतो. काऊन? तं तरणी तिला रेटून मागं टाकतेत. त्यांना कळत नाय, जनावर हाय, म्हणून राखणाऱ्याला बघावं लागतं. इथं तुला कोण राखणार? मला एवढंच सांग, त्या घाण पाण्याची बातमी तुला कोणी दिली?"

कोणी दिली नव्हती. अंगदला बॅगेचा पट्टा खांद्याला रुतायला लागला. आपण पार्क निवडताना लाटा पाहिल्या नाहीत, घसरगुंड्या पाहिल्या नाहीत. आईला आत येता येणार नाही असं दार कुठं आहे, तेवढं शोधलं. आणि ते सापडल्यावर वर म्हणालो, आपण काय करणार. नियम त्यांचा होता, पण निवड आपली होती. ही गोष्ट इतकी लाजिरवाणी होती, की गॉगल काढायची त्याला हिंमत होईना.

शेवटी त्याने तो काढला. बॅग ओट्यावर टाकली, आईच्या हातातला हंडा घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "माय, चुंबळ कशी ठेवायची, दाखव."

बऱ्याच वर्षांनी तो 'माय' म्हणाला होता. शहरात आल्यावर तिची आई झाली होती. दगडाबाईने चुंबळ त्याच्या डोक्यावर बसवली, आणि थोडी सरळ केली.

पुढचं दृश्य गल्लीने बराच काळ पुरवून पुरवून सांगितलं. अंगदच्या पहिल्या हंड्यातलं निम्मं पाणी त्याच्या बनियनमध्ये गेलं. दुसऱ्या खेपेला भामाबाई म्हणाली, "बरंय की, पार्क घरपोच आलं." सुकेशनी कळशी घेऊन खाली मान घालून चालत होती. कोपऱ्यावर ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, मीही विचारून गप्प बसले हो." दगडाबाई म्हणाली, "कळशी सरळ धर, सांडती." सृष्टीची चरवी मात्र प्रत्येक वेळी काठोकाठ भरून आली.

ड्रम भरल्यावर अंगदने साहेबांना फोन लावला.

"सर, आम्ही तिकडं येत नाही. दुसऱ्या ठिकाणी चाललोय. आईला तुमच्या पार्कात लुगडं नेसून चालत नाही."

"आई? त्या तर गावाकडे असतात ना?"

"नाही सर. इथंच असते, माझ्या घरी. मी खोटं बोललो होतो."

मग प्रणय साहेबाचा आवाज आला, ऑफिसात कधी न ऐकलेला, खालच्या पट्टीतला. "आमच्याकडेही आज पाण्याचा दिवस आहे, अंगद. आई घरी थांबलीये. मोटार लावायला कोणीतरी हवं ना." फोन आधी कोणी ठेवला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

तर वाचकहो, आपणही सहली काढतो, आणि जागा निवडताना तिथं काय काय आहे ते हौसेने बघतो. एकदा हेही बघावं, की आपल्या निवडीमुळे घरात मागं कोण राहतं, आणि ते मागं राहणं आपल्याला सोयीचं तर नाही ना वाटत. ज्यांच्या कष्टाचं पाणी आपण रोज पितो, त्यांचं लुगडं, त्यांची बोली, त्यांचा मोकळा आवाज यांची आपल्याला लाज वाटत असेल, तर लाज चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. ती परत मागवून घ्यावी आणि आपल्याच घरी ठेवावी. आणि कोणी "मला सवय हाये" म्हणालं, तर ते ऐकून निवांत होऊ नये. हंड्याला हात लावावा.

दुपारी सगळे करमाडच्या बाजूच्या छोट्या पार्कात पोचले. पाणी स्वच्छ होतं. मामा चपला राखतो म्हणून बाहेर बसला आणि तिथल्या रखवालदाराला मेंढरांविषयी सांगू लागला. दगडाबाई काष्टा खोचून उथळ तलावात उतरली. आधी ती काठाशी बसून ओंजळ ओंजळ पाणी अंगावर घेत होती, ड्रमाचा तळ दिसत असल्यासारखी जपून. मग तिने आजूबाजूला पाहिलं. कोणी हटकत नव्हतं, कोणी मोजत नव्हतं. ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि "आगं बया बया" असं ओरडली. साऱ्या पार्काने वळून बघितलं. अंगद तिथून हलला नाही.

तो तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसला. सकाळपासून त्याच्या छातीत दाटलेलं सगळं बाहेर आलं. माय, मी चुकलो, म्हणाला. तुझी लाज वाटली मला, आणि आता स्वतःची वाटते. यापुढं दर रविवारी पाणी मी भरणार. तुला सोडून कुठं जायचं नाही. साहेबांसमोर, जगासमोर, छाती पुढं काढून सांगेन की ही माझी माय. बाजूच्या दोन-तीन अनोळखी कुटुंबांनी घसरणं थांबवलं. एका बाईने तर डोळे पुसले.

दगडाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का बोलून?" तिने विचारलं.

"झालं, माय."

"मंग जरा पाठ चोळ माझी," ती त्याच्याकडे पाठ करत म्हणाली. "लई दिसांनी एवढं पाणी मिळालंय, अन् माझा हात पुरत नाय तिथवर."